जिचं सुतक लागलं नाही

"पुढून नको येऊस. पावलं काढलीयेत."

काकू ओट्यावर उभ्या होत्या. हातात रांगोळीचा डबा. गेटपासून थेट हॉलच्या उंबऱ्यापर्यंत महालक्ष्म्यांची पावलं काढलेली, त्यांत हळद, त्यांत कुंकू. माझा एक पाय गेटच्या आत पडला होता. तो मी मागे घेतला.

"आईची गाडी मागून येतेय का, काकू?" मी विचारलं.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं नाही. बोटाने गेटबाहेरचा लिंब दाखवला.

"तिथे टांगल्यात बघ. अस्थी घरात नाही आणत गं, तुला तर मालूम आहे. तिथूनच घे आणि मागच्या गल्लीने निघून जा. आता बायका यायला लागतील."

मी लिंबाकडे पाहिलं. खालच्या फांदीच्या खुंटाला एक पिशवी लटकत होती. चकचकीत. सोनेरी अक्षरांची, दोरीच्या कानांची. दुबईच्या विमानतळावरच्या चॉकलेटच्या दुकानाची पिशवी. तसल्याच पिशव्या आत हॉलमध्ये सोफ्यावर पडल्या होत्या आणि वहिनी त्यांतून शेजारच्या पोरांना चॉकलेटं वाटत होत्या. मला गेटमधून सगळं दिसत होतं.

बाहेरच्या पिशवीत माझी आई होती.

मी रडले नाही. खरं सांगायचं तर मला तेव्हा कळलंच नाही. मी पेटीची वाट बघत होते. लाकडाची लांब पेटी, तिच्यासोबत एखादा माणूस, सहीचे कागद. आमच्या वस्तीत शववाहिनी सांगून ठेवली होती. खड्डा खणून तयार होता. पाणी साचू नये म्हणून पोरांनी त्याच्यावर ताडपत्री टाकली होती. आणि काकू मला पिशवी दाखवत होत्या.

आमच्यात पुरतात. जाळत नाहीत. हे काकूंना माहीत होतं. माझा बाप गेला तेव्हा काकू स्वतः म्हणाल्या होत्या, "तुमच्यात पुरतात नं? मग खड्ड्यात मीठ घालायला विसरू नका." त्या घराला आमचं सगळं माहीत होतं. आमच्यात कोण काय खातं, कोण पितं, कुणाचं कुठे जमलं, सगळं.

माझा बाप मिलमध्ये होता. आजोबाही मिलमध्येच. खानदेशातून इंदूरला आले ते सूत कातायला. मिल बंद पडली, बापाने थोडे दिवस हातगाडी लावली, मग खोकला लावून घेतला आणि गेला. आईने बाप असतानाच काम धरलं होतं. सुदामा नगरमध्ये, काकूंच्या घरी. जुनं मराठी घर. काकांचे पणजोबा संस्थानात कारभारी होते, असं त्या घरात रोज एकदा तरी कुणीतरी सांगायचं.

काकूंचा मुलगा, दादा, तेव्हा पाळण्यात होते. त्यांना मी आता दादा म्हणत नाही. पण तेव्हा म्हणायची, म्हणून इथेही म्हणते.

दादांना आईने वाढवलं. काकूंना कंबरेचा त्रास होता. दादांचं ढुंगण धुण्यापासून त्यांना शाळेच्या बसमध्ये बसवण्यापर्यंत सगळं आईने केलं. मी त्यांच्याहून थोडीच मोठी. मी घरी शेजारणीच्या भरवशावर. शेजारीण चांगली होती, पण तिला स्वतःची पोरं होती. आई संध्याकाळी यायची तेव्हा तिच्या पदराला दादांच्या पावडरीचा वास यायचा. मी त्या पदरात तोंड खुपसून झोपायची. मला वाटायचं, आईचा वास असाच असतो.

"सरू आमच्या घरचीच आहे." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय. नवीन पाहुणा आला की काकू म्हणायच्या. आईला बरं वाटायचं. तोंडाला पदर लावून हसायची. घरी आल्यावर मलाही सांगायची, "काकू सगळ्यांसमोर बोलल्या, सरू घरचीच आहे."

जात कुणी काढायचं नाही त्या घरात. शिकलेली माणसं. महालक्ष्म्या आल्या की आई समया घासायची, पितळी ताटं घासायची, सोळा भाज्या निवडायची, मागच्या अंगणात बसून. मुखवट्यांना तिचा हात लागायचा नाही. स्वयंपाकघरात त्या दिवशी पाय नाही. "सोवळ्यातलं आहे गं, राहू दे." एवढंच. गोड आवाजात. आई आयुष्यभर त्या गोड आवाजावर जगली.

तीन वर्षांपूर्वी काका दादांकडे दुबईला गेले होते, बदल म्हणून. तिथेच गेले. झोपेत. दादांनी त्यांना आणलं. पेटीतून. कागदांना वेळ लागला, तेवढे दिवस दादा ऑफिस सोडून तिथल्या कचेऱ्यांमधून फिरले. इथे मांडव घालून माणसं वाट बघत होती. पेटी आली तेव्हा आई गेटवर उभी होती. पोर्च तिनेच धुतला. काकांना इथे जाळलं, आणि अस्थी आणल्या त्या याच लिंबाला टांगल्या. तांब्याचा कलश, वर पांढरं फडकं. झाडाला टांगतात, घरात आणत नाहीत, हे मला माहीत आहे. त्यात मला अपमान नाही. पण अस्थी एकट्या सोडत नाहीत म्हणे. म्हणून काकूंनी आईला लिंबाखाली बसवलं होतं. ओंकारेश्वरला न्यायची गाडी येईपर्यंत आई तिथे चटई टाकून बसली होती. कुत्रं आलं तर हाकलायला.

तिच्या पिशवीखाली कुणी नव्हतं. एक कुत्रं होतं.

आई दुबईला गेली ती दादांच्या बाळासाठी. वहिनींना नोकरीवर परत जायचं होतं. दादा स्वतः वस्तीत आले. आमच्या खोलीत, आमच्या पलंगावर बसले. "सरूमावशी, तू मला वाढवलंस, आता माझ्या बाळाला कोण सांभाळणार? बाहेरची बाई मला नको." आईचे डोळे भरून आले. मी म्हणाले, वय झालंय तिचं, बीपी आहे. दादा म्हणाले, "अरे, तिथे डॉक्टर घरी येतात. तू टेन्शन नको घेऊ."

निघायच्या दिवशी आई हसत हसत म्हणाली, "दादा, मला काही झालं तर तिकडच्या वाळूत नका टाकू. हिच्या बापाजवळच आणा. जागा धरून ठेवलीये मी."

हे खरं होतं. नदीच्या अंगाला आमच्या लोकांची पुरायची जमीन आहे. बापाच्या उशाशी आईने कन्हेर लावली होती आणि डाव्या हाताची जागा स्वतःसाठी ठेवली होती. कुणी तिथे कुदळ लावायला निघालं की आई भांडायला उठायची. वस्तीतली पोरं चेष्टा करायची, म्हणायची, "काय सरूकाकी, रजिस्ट्री करून घेतली का?"

दादांनी आईचा हात हातात घेतला. "काहीतरीच नको बोलूस. आणि तसं झालंच तर मी स्वतः घेऊन येईन. बाबांना आणलं तसं. शब्द आहे माझा."

मी तिथेच उभी होते. बॅगेला दोरी बांधत होते.

आई गेली ती गणपतीच्या आधी. बाळाची बाटली उकळत ठेवली होती, आणि स्वयंपाकघरातच पडली. दादांचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा ते रडत होते. खोटं नाही सांगत, रडत होते. मी एकच गोष्ट मागितली. "दादा, आईला आणा." ते म्हणाले, "आणतो. तू काळजी नको करू. बस थोडा टाइम लागेल."

आईच्या जागी मी काकूंकडे काम करत होते, आई दुबईला गेल्यापासून. दुसऱ्या दिवशी मी गेले नाही. काकूंचा फोन आला. "घरी बसून काय करशील? रडतच बसशील. इथे आलीस तर दादाचा फोन आला की तुला लगेच कळेल नं." मला पटलं. मला वाटलं, माझ्या भल्यासाठी सांगतायत. मी गेले.

आणि काम सुरू झालं. गणपतीचं, मग महालक्ष्म्यांचं. माळ्यावरच्या कोठ्या उतरवल्या. जुन्या साड्या उन्हात घातल्या. समया, ताटं, घंटा, चिंचेने घासून लख्ख केल्या. आई गेलेली, आईची माती व्हायची राहिलेली, आणि मी मागच्या अंगणात दुसऱ्याच्या देवाचं पितळ घासत बसलेली. अधूनमधून आत फोन वाजायचा. मी हात तसेच घेऊन खिडकीशी जायची. काकू आतून म्हणायच्या, "प्रोसेस चालू आहे गं. लंबी असते." मी परत येऊन बसायची.

एकदा गुरुजी आले. खिडकीतून आवाज येत होता. काकू विचारत होत्या, सुतकाचं काय? त्या घरच्या महालक्ष्म्या कधी चुकल्या नव्हत्या. काका गेले तेही सण होऊन गेल्यावर, देवीने सांभाळलं म्हणायच्या. घरचं माणूस गेलं की दहा दिवस देवाला हात लावायचा नाही, असा नियम. ते दहा दिवस महालक्ष्म्यांवरून पुढे जात होते. आणि बाळाच्या पहिल्या महालक्ष्म्या होत्या.

गुरुजी म्हणाले, "मयत तुमच्या गोत्राची आहे का? नात्याची? मग कसलं सुतक? कामवाली बाई. आंघोळ केली, विषय संपला."

काकूंनी सुस्कारा सोडला. मोठ्याने. मला ऐकू आला. आणि मलाही बरं वाटलं, हे मी लपवत नाही. म्हटलं, आईमुळे त्यांचा सण मोडला नाही. आईलाही बरंच वाटलं असतं. इतकं आत भिनवलेलं असतं हे.

मग एक फोन आला. दादांच्या ऑफिसातला कुणी माणूस. काकूंनी फोन स्पीकरवर ठेवला आणि मला आत बोलावलं. तो माणूस इंग्रजीत घाईघाईने काहीतरी बोलला. आईचं नाव मला कळलं, माझं नाव कळलं. मी काकूंकडे पाहिलं.

"यस म्हण," काकू म्हणाल्या. "तुझी परमिशन लागते नं आणायला."

मी यस म्हणाले. त्याने पुन्हा विचारलं. मी पुन्हा म्हणाले.

माझी मुलगी भंवरकुआंला क्लासला जाते, नर्सिंगच्या परीक्षेची तयारी करते. तिला इंग्रजी येतं. ती सोबत असती तर? हा प्रश्न मी आता विचारत नाही. दोष माझ्या इंग्रजीचा नाही. समोर उभ्या असलेल्या बाईला ते इंग्रजी येत होतं. तिने ऐकलं, समजून घेतलं, आणि मला यस म्हणायला सांगितलं.

मग काकूंनी सांगितलं, "दादा घेऊन येतोय. महालक्ष्म्या बसायच्या त्याच दिवशी पोहोचतील सगळे." मी वस्तीत जाऊन सांगितलं. नामाकाका म्हणजे आमच्यातले जाणते, माझ्या बापासोबत एकाच खात्यात होते. त्यांनी पोरं गोळा केली. बापाच्या डाव्या हाताला, जिथे आईने सांगून ठेवलं होतं तिथे खड्डा घेतला. पुरुषभर लांब. मीठ आणलं. पांढरं कापड आणलं.

आणि मी सकाळीच गेटवर जाऊन उभी राहिले.

टॅक्सी आली तेव्हा मी धावले होते. दादा उतरले, वहिनी उतरल्या, बाळ उतरलं, बॅगा उतरल्या. दादांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आत गेले. मी टॅक्सीच्या मागे रस्त्याकडे बघत राहिले. किती वेळ, मला माहीत नाही. माझी पाठ होती तेवढ्यात कुणीतरी पिशवी लिंबाला टांगली.

पिशवी मी उतरवली. आत पांढरा प्लास्टिकचा डबा होता. त्याच्यावर आईचं नाव इंग्रजीत. डबा हलका होता. भाजीच्या पिशवीपेक्षा हलका.

तेव्हा मला कळलं.

दादा गेटपाशी आले. आतूनच बोलले, पावलं मोडू नयेत म्हणून बाजूच्या कुंडीला टेकून. "देख, मी खूप ट्राय केलं. बॉडी आणायला कुणीतरी तिथे थांबायला लागतं. तिकिटं आधीची काढलेली, बाळाचा पहिला सण. आणि मावशीला असं थंड्या खोलीत पडून राहू देणं मला बघवेना. मी स्वतः अग्नी दिला तिला. मुलासारखा."

"आमच्यात पुरतात," मी म्हणाले.

"आता तूच तर यस म्हणालीस. रेकॉर्डिंग आहे नं."

हे शब्द जसेच्या तसे आहेत. मी एक शब्द घातलेला नाही. ज्याला माझ्या आईने घास भरवला, तो मला रेकॉर्डिंग आहे म्हणाला. आई मेली हे मला फोनवर कळलं होतं. आईला फसवलं हे त्या गेटवर कळलं. दुसरं जास्त लागलं.

मी मागच्या गल्लीने गेले. हो, गेले. त्या दिवशी गेले. पाय आपोआप तिकडेच वळले. आम्हाला कुठून जायचं हे पायांनाच शिकवलेलं असतं.

वस्तीत सगळे जमले होते. बायका, पुरुष, शववाहिनीचा ड्रायव्हर. मी रिक्षातून उतरले, हातात सोनेरी अक्षरांची पिशवी. ड्रायव्हर म्हणाला, "दीदी, बॉडी कहाँ है?" मी पिशवी वर केली. तो बिचारा टोपी काढून बाजूला झाला. त्याने गाडी परत नेली नाही. मागे मागे जमिनीपर्यंत रिकामीच आणली.

खड्ड्याशी वाद झाला. कुणी म्हणालं, आता राख आहे तर नर्मदेत सोडा. कुणी म्हणालं, खड्डा बुजवून टाका, राखेसाठी एवढा खड्डा कशाला, हातभर पुरे. नामाकाका माझ्याकडे बघत राहिले.

मी म्हणाले, "खड्डा तिच्यासाठी काढलाय. तिच्या मापाचा. ती याच्यातच जाईल."

पिशवी मी फाडून टाकली. डब्यातलं सगळं पांढऱ्या कापडात घेतलं. एक पोरगं खाली उतरलं आणि त्याने कापडाचं ते गाठोडं उशाच्या जागी ठेवलं. एवढासा गठ्ठा आणि बाकी सगळा खड्डा रिकामा. पायांच्या जागी काही नाही. पोटाच्या जागी काही नाही. बायकांचं रडणं बंद झालं. मग माती लोटायला सुरुवात केली. रिकामा खड्डा भरायला फार माती लागते. माणूस असलं की तेवढी लागत नाही, नामाकाका म्हणाले. पोरं दमली, पाळीपाळीने लोटत राहिली. मी शेवटपर्यंत उभी होते.

घरी आले तर काकूंचा फोन. "उद्या जेवणाचा दिवस आहे. सोळा भाज्या, पुरणपोळी, चाळीसेक पानं उठतील. तू अशी ऐनवेळी दगा नको देऊस."

दगा. मी देऊ नये म्हणे.

मी फोन कानाला तसाच धरून ठेवला. त्यांना वाटलं, रडते आहे. आवाज मऊ केला. "हे बघ, घरचीच आहेस म्हणून सांगते. बाळ सारखं रडतंय, त्याला सरूची सवय होती. दादा म्हणत होता, तुझ्या मुलीचा पासपोर्ट काढून टाकू. वर्षभर राहील तिथे. परीक्षा काय, नंतर पण देता येते नं."

मुलगी शेजारीच बसली होती. फोनमधलं तिला ऐकू येत होतं. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत मला भीती दिसली. आपली आई हो म्हणेल, ही भीती. माझी पोर मला भीत होती. तिथे माझ्यातलं काहीतरी तुटलं म्हणा, किंवा जुळलं म्हणा.

दुसऱ्या दिवशी मी गेले. दुपारी, पानं वाढली तेव्हा. चांगली साडी नेसून. मुलीला सोबत घेऊन. आणि पुढच्या गेटने. रांगोळीची पावलं होती. मी त्यांच्यावरून चालत गेले. मुद्दाम पुसली नाहीत, चुकवलीही नाहीत. सरळ चालले.

हॉलमध्ये महालक्ष्म्या उभ्या होत्या. भरजरी साड्या, घासलेल्या समया. त्या समया मी घासलेल्या. कॉलनीतल्या बायका पाटांवर बसल्या होत्या, गुरुजी कोपऱ्यात होते, दादा पोळ्या वाढत होते. काकूंचा चेहरा एकदम पडला, पण पाहुण्यांसमोर त्यांनी सावरून घेतलं.

"ही सरूची मुलगी," त्या सगळ्यांना म्हणाल्या. "सरू गेली नं आत्ता दुबईला. घरचीच होती आमच्या. दादाने पोटच्या मुलासारखा अग्नी दिला तिला."

"केवढं मोठं मन," एक बाई म्हणाली.

मी म्हणाले, "काकू, एक विचारते. आई घरची होती तर सुतक का नाही पाळलं?"

कुणी जेवेना. काकूंनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी घाईघाईने म्हणाले, "अहो बाई, सुतक रक्ताच्या नात्याला लागतं. शास्त्र आहे ते. मीच सांगितलं होतं यांना. नात्याची नाही, तेव्हा तिथलं तिथेच आटोपून, आंघोळ करून विमानात बसा."

तिथलं तिथेच आटोपून. म्हणजे ठरवून. म्हणजे मी बाहेर पितळ घासत होते तेव्हाच.

"बरोबर," मी म्हणाले. "नात्याची नव्हती. मग अग्नी देणारे तुम्ही कोण?"

"मावशी मला आईसारखी होती," दादा म्हणाले.

मी त्यांच्या डोक्याकडे पाहिलं. नीट भांग पाडलेला. जेल लावलेली. काका गेले तेव्हा याच माणसाचं चकाकतं डोकं मी पाहिलं होतं.

"आईला अग्नी दिला नं तुम्ही. मग केस कुठे उतरवले?"

दादांचा हात आपसूक डोक्याकडे गेला. पोळीचं ताट दुसऱ्या हातात तिरकं झालं. कुणीतरी ते धरलं.

"जाळायच्या वेळी घरची. सुतकाच्या वेळी बाहेरची," मी म्हणाले. "दोन्हींपैकी एक सांगा. मी ऐकून जाते."

"सणाच्या दिवशी तमाशा करतेस?" काकूंचा तो गोड आवाज गेला होता. आत जो आवाज होता तो मी पहिल्यांदा ऐकला. "आयुष्यभर खाल्लंत आमचं. देवीसमोर उभी राहून बोलतेस? तुमच्या लोकांना कितीही करा, शेवटी तसेच."

तुमच्या लोकांना. चला, निघालं एकदा. एवढ्या वर्षांनी का होईना, स्वच्छ निघालं. मला राग नाही आला. उलट एकदम हलकं वाटलं. इतकी वर्षं जे आहे आणि नाही म्हणत होते, ते आता त्या खोलीत सगळ्यांसमोर उभं होतं.

"कामाला मी येणार नाही," मी म्हणाले. "माझी मुलगी तुमच्या बाळाला सांभाळणार नाही. तिची मुलगीही नाही. आणि माझ्या आईला घरची म्हणू नका. त्या शब्दाला आई भुलली. मी नाही भुलणार."

आम्ही निघालो. एक बाई पाटावरून उठली, तिला काही म्हणायचं होतं, पण शेजारणीने तिचा पदर ओढला आणि ती बसली. ठीक आहे. त्यांचा दोष त्यांच्यापाशी.

वस्तीत मला काहींनी वेड्यात काढलं. मोठ्या लोकांशी वाकडं घेऊन काय मिळालं? नवरा असता तर त्यानेही हेच विचारलं असतं. मिळालं काहीच नाही. आई आली नाही. ती येणार नाही. मी कुणाला 'आईला आणलं' असं सांगत नाही. कुणी विचारलं तर म्हणते, आईला तिकडेच जाळलं, मला फसवून. ज्यांच्या घरी ती राबली त्यांनी. नाव घेऊन सांगते. हळू आवाजात सांगत नाही.

आमच्या गल्लीतून बायका अजून जातात. कुणी दुबईला, कुणी बंगलोरला, मालकांच्या लेकीसुनांच्या बाळंतपणाला. न्यायला येणारे गोड बोलतात. मी तिथे जाऊन बसते. चहा घेते आणि त्यांच्या तोंडावर विचारते, "ही तिथे मेली तर हिला कोण आणणार, आणि आमच्या पद्धतीने आमच्या हवाली करणार का?" माणसं चिडतात. अशुभ बोलते म्हणतात. एकजण तर चहा टाकून उठून गेला. जाऊ दे. जो या प्रश्नाला चिडतो त्याच्यासोबत आमची बाई जात नाही.

काकूंच्या घरी महालक्ष्म्या पुढच्या वर्षीही बसतील. चुकणार नाहीत, त्यांनी तशी व्यवस्था केलेलीच असते. गेटपासून पावलं काढतील, बायका जेवायला येतील. मीही येईन. पुढच्या गेटने. सगळ्यांसमोर तेच विचारीन. सरू घरची होती की नव्हती? उत्तर दिलं नाही तर त्याच्या पुढच्या वर्षी येईन. मी नसेन तेव्हा माझी मुलगी येईल. तिला रस्ता दाखवून ठेवलाय.